थाई पद्धतीचं लग्न : दोघंही परदेशी असाल तर तयारी कशी कराल

मी बँकॉकमध्ये राहते. ‘आम्हाला थाई पद्धतीनं लग्न करायचंय, कसं करायचं जरा सांगशील का?’ असा पुण्या-मुंबईहून फोन आला की मी आधी एकच विचारते : भिक्खू किती वाजता जेवणार आहेत? पलीकडे शांतता. हॉटेल ठरलेलं असतं, फोटोग्राफर ठरलेला असतो, वऱ्हाडाची तिकिटंही काढून झालेली असतात. भिक्खूंच्या जेवणाचा विचार मात्र कुणीच केलेला नसतो. आणि लग्नाची अख्खी सकाळ बांधलेली असते ती त्या जेवणाला. भिक्खू माध्यान्हीनंतर अन्न घेत नाहीत. त्यामुळे आपल्यासारखं ‘मुहूर्त साडेदहाचा, म्हणजे अकरापर्यंत लागेल’ इथे चालत नाही. जेवणाची वेळ धरायची आणि तिथून मागे मोजत यायचं.

दुसरा घोळ याहून मोठा. ज्याला आपण ‘थाई लग्न’ म्हणतो ती तीन वेगवेगळी कामं आहेत : सरकारी नोंदणी, भिक्खूंना भोजन-दान देऊन मिळवायचं पुण्य आणि वडीलधाऱ्यांनी वधू-वरांच्या हातांवर शंखानं पाणी घालून लावायचं लग्न. भिक्खू लग्न लावत नाहीत. महाराष्ट्रातल्या बौद्ध कुटुंबांची इथे हमखास गफलत होते, कारण आपल्याकडे भन्ते किंवा बौद्धाचार्य त्रिशरण-पंचशील म्हणून लग्न लावतात. इथे भिक्खू तेच पाली शब्द थाई उच्चारात म्हणतात, ‘फुत्थं सरणं खच्छामि’. मग आशीर्वाद देतात, जेवतात आणि निघतात. वधू-वरांना एकत्र बांधण्याचं काम घरचे थोर करतात, आणि तेही भिक्खू गेल्यावर.

ही तीन कामं डोक्यात वेगळी ठेवलीत की पुढचे टप्पे सोपे जातात.

१. कायद्याचं लग्न आधी उरका

थायलंडमध्ये कायदेशीर लग्न फक्त नोंदणीनं होतं. नऊ भिक्खू आले, शंखानं पाणी घातलं, तीनशे माणसं जेवली, तरी जिल्हा कार्यालयात नोंद नसेल तर कायद्याच्या लेखी तुम्ही अविवाहितच.

दोघंही भारतीय नागरिक असाल तर माझा सल्ला सरळ आहे : नोंदणी भारतात करा, थायलंडला फक्त विधी करा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यायची. नोटिशीआधी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं. नोटीस लागल्यावर ३० दिवस थांबायचं आणि मग तीन साक्षीदारांसमोर सह्या करायच्या. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद होते आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून थायलंडच्या तारखेआधी तीन-चार महिने हे काम हातात घ्या.

सावधान : ‘परत आल्यावर हिंदू विवाह कायद्याखाली नोंदवू’ असं धरून चालू नका. त्या कायद्याचं कलम ७ सांगतं की विवाह दोघांपैकी एकाच्या तरी रूढीप्रमाणे आणि विधीप्रमाणे झालेला हवा. शंखानं हातावर पाणी घालणं ही साताऱ्याच्या किंवा नागपूरच्या घरातली रूढी नव्हे. नोंदणी अधिकारी लग्नाचे फोटो मागतो, तेव्हा ही अडचण समोर येते. घरी छोटेखानी वैदिक लग्न आधी लावून घ्या, नाहीतर विशेष विवाह कायदा आहेच.

थायलंडमध्येच नोंदणी करायची असेल तर ती होते ‘अम्फो’मध्ये, म्हणजे जिल्हा कार्यालयात. बँकॉकमध्ये त्यालाच ‘खेत’ म्हणतात. हा शब्द आपल्या ‘क्षेत्र’चाच भाऊबंद. कागदांचा क्रम बदलता येत नाही :

– दोघांनी आपापल्या दूतावासातून ‘लग्नाला मोकळे आहोत’ असा दाखला घ्यायचा. भारतीय दूतावास बँकॉकच्या सुखुम्वित रस्त्यावर ‘सोय’ (म्हणजे गल्ली) २३ मध्ये आहे.
– त्या दाखल्याचं थाई भाषांतर करून घ्यायचं.
– भाषांतरावर थाई परराष्ट्र मंत्रालयाच्या वाणिज्यदूत विभागाचा शिक्का घ्यायचा. मुख्य कचेरी चेंग वत्थनाला आहे.
– मग पासपोर्ट, शिक्क्याचे कागद आणि दोन साक्षीदार घेऊन अम्फोत जायचं. थाई येत नसेल तर दुभाष्या सोबत हवाच.

हाती येतं ते प्रमाणपत्र थाईत असतं. ते परदेशात वापरायचं तर पुन्हा इंग्रजी भाषांतर आणि पुन्हा मंत्रालयाचा शिक्का. २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी जोडप्यांनाही अशी नोंदणी करता येते.

तिसरी वाट १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याची, म्हणजे भारतीय दूतावासातलं लग्न. तिथे दोघांपैकी एकाचं नोटिशीआधी किमान ३० दिवस त्या अधिकाऱ्याच्या हद्दीत वास्तव्य लागतं. आठवडाभरासाठी येणाऱ्यांनी हिच्या नादी लागू नये.

तपासा : भाषांतरात तुमचं नाव सगळ्या कागदांवर थाई लिपीत एकाच प्रकारे लिहिलंय ना? ‘देशपांडे’ थाईत दोन-तीन तऱ्हांनी लिहिता येतं आणि दोन भाषांतरकार ते दोन तऱ्हांनी लिहितात. कचेरीतली बाई मान वर न करता कागद परत सरकवते. दुसरं म्हणजे वर्ष. थाई कागदांवर बुद्ध संवत असतं, इसवी सनात ५४३ मिळवायचे. २०२६ म्हणजे २५६९.

२. तारीख धरणं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कोरडा, त्यातल्या त्यात थंड काळ. हॉटेलं महाग असतात, पण रेशमी पोशाखात सकाळी सहापासून बसायचंय हे लक्षात ठेवा. एप्रिलमध्ये उकाडा जीव काढतो. १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा सण असतो, तेव्हा कचेऱ्या बंद आणि रस्त्यात पाण्याच्या पिचकाऱ्या.

भिक्खूंचा वर्षावास बहुतेक वर्षी आपल्या गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि कोजागरीच्या पौर्णिमेला संपतो. आपल्या चातुर्मासासारखंच पुष्कळ थाई घरांत या काळात लग्न धरत नाहीत. मनाई कुठेच नाही, भिक्खू सकाळी येऊही शकतात. पण तुमच्या बाजूनं उभं राहणारं कुणी थाई ज्येष्ठ असेल तर आधी त्यांना विचारा.

वारांमध्ये बुधवार लग्नाला टाळतात. शुक्रवार मात्र आवडता, कारण थाईत ‘शुक्र’ आणि ‘सुख’ यांचा उच्चार एकच होतो. नऊ हा आकडा ‘पुढे जाणं’ या शब्दासारखा ऐकू येतो, म्हणून पत्रिकेवर ९ वाजून ९ मिनिटं अशी वेळ दिसते. ती नुसती शोभेची नसते. वरात खरंच त्या मिनिटाला हलते, आणि उशिरा पोचणारा मामा मागे राहतो.

तपासा : पाहुण्यांना थायलंडमध्ये उतरण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं (१ मे २०२५ पासून सक्तीचं). घरातल्या एका तरुणाकडे सगळ्या ज्येष्ठांची कार्डं भरण्याचं काम सोपवा. व्हिसाचा नियम तिकीट काढतानाच पाहून घ्या, दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

३. माणसं जमवणं

दोघंही परदेशी असले की खरी वाण पडते ती इथे. थाई जोडप्याकडे मावश्या-काक्यांची फौज असते. तुमच्याकडे हॉटेलची एक समन्वयक असते, आणि त्या दिवशी तिच्या अंगावर अजून एक लग्न असतं.

लागणारी माणसं अशी. दोन्ही बाजूंनी एकेक ‘थाव-कॅ’, म्हणजे बोलणी करणारे थोर. वराकडचे मागणी घालतात, वधूकडचे स्वीकारतात. आपल्याकडे सुपारी फोडताना मध्यस्थ बोलतात तसंच. तुमचे काका-मामा ही भूमिका करू शकतात, फक्त त्यांना चार वाक्यं आधी पाठ करवून घ्या. मग एक ‘फिथीकोन’, विधी पुढे नेणारा सूत्रधार. शब्दात आपला ‘विधी’च लपलाय. हा माणूस थाई आणि इंग्रजी दोन्ही नीट बोलणारा घ्या, इथे काटकसर नको. भिक्खूंकडे पंचशीलाची पालीत याचना करायची असते. तीही बहुधा हाच करतो, पण गृहीत धरू नका, विचारा.

भिक्खूंना निमंत्रण ‘वाट’मध्ये, म्हणजे विहारात स्वतः जाऊन द्यायचं. महिना-दीड महिना आधी, थाई बोलणारं कुणी सोबत घेऊन, गुडघे आणि खांदे झाकून. चार गोष्टी ठरवायच्या : किती भिक्खू (लग्नाला बहुधा नऊ), किती वाजता, कुणाच्या गाडीनं, आणि येताना विहारातून काय-काय आणायचं. गाडीची जबाबदारी तुमची. नऊ जण आणि त्यांचं सामान एका व्हॅनमध्ये मावेल ना, ते आधी पाहा.

शेवटचं माणूस सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्याचं नाव कुठल्याच पॅकेजमध्ये नसतं : पाकिटं सांभाळणारा. वराच्या बाजूचा एक थंड डोक्याचा मित्र, खांद्याला झोळी. त्याचं काम पुढे येईलच.

४. सामान

खन माक. म्हणजे सुपारीचं पात्र. त्यावरूनच वराच्या वरातीला हे नाव पडलं. उंच बैठकीच्या सोनेरी तबकांत सुपारी, विड्याची पानं, तांदूळ, तीळ, लाह्या, मूग, फुलं. शिवाय सोनं, अंगठ्या, फळं आणि मिठाईची वेगळी तबकं. थोंग यिप, थोंग योत, फोय थोंग ही अंड्याच्या बलकाची सोनेरी मिठाई असते. शाकाहारी वऱ्हाडाला हे आधीच सांगा. नाहीतर आजी ती मोतीचूर समजून तोंडात टाकते आणि मग पुढचे दोन दिवस तेच चालतं. खनोम छन हा थरांचा, नारळाच्या दुधाचा पदार्थ चालतो.

मुळासकट केळीची आणि उसाची रोपं जोडीनं लागतात. आपण दाराला केळीचे खांब बांधतो, हे वरातीत हातात धरून चालतात. इमारतीची लिफ्ट त्यांना पुरेल का, हे पाहून ठेवा.

सिन सॉत. वराकडून वधूच्या आईवडिलांना द्यायची रक्कम आणि सोनं. हुंड्याच्या उलट दिशेनं जाते, म्हणून कौतुकानं बघितली जाते. तुम्ही दोघंही परदेशी असाल तर ती प्रतीकात्मकच ठेवा. विधीपुरतं घरचंच सोनं ताटात ठेवून नंतर जिथलं तिथे. आकडा माइकवर वाचून दाखवण्याची पद्धत आहे, ती मी तरी गाळायला सांगते. भारतात हुंड्याचा कायदा कुठल्या बाजूनं दिलं हे बघत नाही, आणि व्हिडिओ आयुष्यभर राहतो.

सावधान : सोन्याच्या दुकानात ‘एक बाट’ म्हणजे चलन नव्हे, वजन. दागिन्यात एक बाट सोनं म्हणजे १५.१६ ग्रॅम, शुद्धता ९६.५ टक्के. ‘दोन बाटची साखळी’ ऐकून स्वस्त वाटलं तर यावरातच्या, म्हणजे बँकॉकच्या चायनाटाउनमधल्या पेढीवर चेहरा पडतो.

पाकिटं. थाईत ‘सोंग’. वरातीच्या दारांसाठी, पाय धुणाऱ्या मुलासाठी, ढोलवाल्यांसाठी. किमान चाळीस भरून ठेवा : निम्म्यात २० च्या हिरव्या नोटा, निम्म्यात १०० च्या लाल. दोन रंगांची पाकिटं घेतली की गोंधळ होत नाही.

पोशाख. वराचं ‘चोंग क्राबेन’ म्हणजे मागे काष्टा खोचलेलं वस्त्र. नऊवारी नेसवणारी मावशी सोबत असेल तर तिला दोन मिनिटांत कळतं. वधूचा ‘सबाय’ एका खांद्यावरून मागे सोडलेला असतो. भाड्यानं मिळतं, पण मापं आधी द्या. भारतीय बांध्याच्या वराला तयार पोशाख पोटावर आखूड पडतो, हे मी तीनदा पाहिलंय. कापड घ्यायचं असेल तर फाहुरात, बँकॉकमधला भारतीयांचा कापडबाजार. तिथे निम्मे दुकानदार हिंदी बोलतात. पाहुण्यांनी काळं नेसू नये, काळा रंग इथे दुखवट्याचा. आपल्या पैठणीची काळी चंद्रकळाही बॅगेतच राहू द्या.

हार पाक ख्लोंग तलातच्या फुलबाजारातून, आदल्या रात्री. वधू-वरांसाठी दोन्ही टोकांना झुपके असलेला मोगऱ्याचा हार लागतो. एका टोकाचा हार वेगळ्या कामाचा, दुकानदाराला ‘लग्न’ हा शब्द सांगा.

जेवण. ‘व्हेज’ म्हणून सांगाल तर ताटात मासळीचं पाणी आणि कोळंबीची चटणी येईल. ती इथे मीठ-मिरचीसारखी धरतात. शब्द आहे ‘चे’, पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात दिसतो तो. त्यात मांस, मासळी, अंडं, दूध नाहीच, शिवाय कांदा-लसूणही नाही. जैन पाहुण्यांची बरीचशी सोय होते, पण बटाटा-गाजरासारखी कंदमुळं त्यात असू शकतात, ती वेगळी सांगा. भिक्खूंनाही ‘चे’ जेवण वाढलं तर चालतं, ते दिलेलं घेतात.

५. आदल्या दिवशीची तालीम

ही टाळू नका. एका तासाचं काम आहे.

बसणं : दोन्ही पाय एका बाजूला दुमडून, तळवे मागे. मांडी घालायची नाही. वीस मिनिटांत पाय बधिर होतो, म्हणून बाजू कशी बदलायची तेही शिका. हातावर भार देऊन, हळूच, मंत्र चालू असताना. तळवे बुद्धमूर्तीकडे किंवा कुणाकडेही रोखलेले नकोत.

नमस्कार : भिक्खूंना आणि बुद्धमूर्तीला तीनदा, कपाळ जमिनीला, तळहात उघडे जमिनीवर. आईवडिलांना एकदाच, आणि हात जोडलेलेच. परदेशी जोडपी हे सर्रास उलट करतात. आपल्या मुलांना तर वाकून पाय शिवायची सवय. थाई ज्येष्ठ त्यामुळे दचकून मागे सरतात. तुमच्याच आईवडिलांच्या पाया पडायला काही हरकत नाही, फक्त आधी थाई नमस्कार, मग आपला.

वधूसाठी आणि सगळ्या बायकांसाठी : भिक्खूंना स्पर्श नाही, वस्तूही हातात द्यायची नाही. भिक्खू समोर एक वस्त्र पसरतात, त्यावर ठेवायची. वऱ्हाडातल्या काकू-मावश्यांना सांगून ठेवा. कुणीतरी उत्साहानं फळ हातात द्यायला जातंच.

तपासा : बुद्धमूर्तीचा देव्हारा बसलेल्या भिक्खूंच्या उजव्या हाताला, रांगेच्या टोकाशी आहे ना? त्यांची बैठक जमिनीपेक्षा उंच आहे ना? वधूची बसायची जागा वराच्या डाव्या हाताला आहे ना?

६. लग्नाची सकाळ, क्रमानं

एक चालणारं वेळापत्रक असं. पोशाख-केशभूषा पहाटे साडेतीनला. भिक्खू ७ वाजून ९ मिनिटांनी. त्यांचा न्याहारीचा विधी आठपर्यंत. वरात ९ वाजून ९ मिनिटांनी. मागणी आणि अंगठ्या पावणेदहाला. शंखजल साडेदहाला. जेवण बाराला. दुसरी पद्धत म्हणजे भिक्खूंना दहाला बोलावून अकराचं भोजन देणं. परदेशातून आलेल्या, झोपमोड झालेल्या वऱ्हाडाला ती बरी वाटते, पण त्यात एक मिनिटही शिल्लक राहत नाही. पहिलीच घ्या.

भिक्खू. पांढरा सुती दोरा, ‘साय सिन’, बुद्धमूर्तीपासून निघून एकेका भिक्खूच्या हातातून जातो. सूत्रधार पंचशील मागतो, मग पठण, मग वधू-वर एकत्र एकच डाव धरून भात वाढतात. आपल्याकडच्या करवल्या इथेही पैज लावतात, वरचा हात कुणाचा. दान दिल्यावर छोट्या भांड्यातून पाणी सोडायचं. हे आपलं उदक सोडणंच, पुण्य पितरांना पोचावं म्हणून. भिक्खू ‘यथा’ म्हणायला लागले की धार सुरू, सगळ्यांचा एकत्र आवाज चढायच्या आत भांडं रिकामं. शेवटी प्रमुख भिक्खू वराच्या कपाळावर पांढऱ्या गंधाचे तीन ठिपके लावतात. वधूला ते थेट लावत नाहीत, वराचा हात धरून किंवा काडीनं लावतात. दक्षिणेची पाकिटं बायकांनी देऊ नयेत, आणि पुरुषांनीही ती भिक्खूंच्या सेवकाकडे द्यावीत.

एका लग्नात भिक्खू सातला येऊन बसले. नऊ जण, रांगेत, नजर खाली. वधूच्या केसात अजून पिना चालल्या होत्या. वराचं चोंग क्राबेन कुणालाच नेसवता येईना, कारण दुकानातला माणूस आठला येणार होता. पंचवीस मिनिटं त्या खोलीत कुणी बोललं नाही. चमच्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. पुढे भिक्खूंनी पठण आटोपशीर घेतलं, जेवले, गेले. कुणी रागावलं नाही, पण वधूची आई अजून तो व्हिडिओ लावू देत नाही. तेव्हापासून मी नेसवणाऱ्याला पहाटे चारची वेळ देते आणि आदल्या रात्री पुन्हा फोन करते.

वरात. वर, त्याचे लोक, लांब ढोल आणि मधूनमधून ‘होऽऽ हीऽऽ होऽऽ’ अशी आरोळी. पुढे वधूकडचे लोक सोन्याच्या साखळ्या किंवा हार आडवे धरून दारं अडवतात : रुपेरी दार, सोनेरी दार, आणि हल्ली हौसेनं आणखी सात. आपल्याकडे बहीण दार अडवते त्याचीच मोठी आवृत्ती. प्रत्येक दारात दोघं-तिघं असतात आणि प्रत्येकाला पाकीट हवं असतं. इथे तो झोळीवाला मित्र लागतो. वरानं स्वतः खिसे चाचपायचे नाहीत. शेवटी वधूचा धाकटा भाऊ किंवा बहीण दगडावर वराचे पाय धुते. तेही पाकीट.

सावधान : वरात पंधरा-वीस मिनिटांची असते. ढोल-ताशा आणि नागीण डान्स यात घुसवायचा असेल तर तो आदल्या संध्याकाळी करा. साडेनऊनंतर नाचणारा वऱ्हाडी पुढचा सगळा विधी खातो.

मागणी. थोर मंडळी बोलतात, तबकं उघडतात. सिन सॉतवर तीळ-तांदूळ-लाह्या टाकतात. मग वधूची आई ते कापडात बांधून खांद्यावर घेते आणि ‘बाई गं, किती जड!’ असा अभिनय करते. आपल्या आयांना हे भारी जमतं. अंगठ्या घातल्या की वधूनं वराला हात जोडायचे, वरानंही जोडायचे.

शंखजल, ‘रोत नाम संग’. लग्न लागतं ते हे. दोघं कमी उंचीच्या चौरंगावर, हात नमस्कारात, खाली फुलांचं पात्र. डोक्यावर ‘मोंखोन’, म्हणजे एकाच दोऱ्यानं जोडलेली दोन कडी. शब्द ‘मंगल’चाच, आणि काम मुंडावळ्यांच्या जवळचं. पण मुंडावळ्या आधीच बांधल्या असतील तर त्या सोडा. दोन्ही एकत्र अडकतात आणि वधू मान हलवताच वराचं कडं नाकावर येतं. पाणी हातांवर घालायचं, डोक्यावर नाही. आधी आईवडील, मग वयानं मोठे. वधू-वरांपेक्षा लहान असलेल्यांनी रूढीप्रमाणे पाणी घालायचं नसतं. मात्र मित्रमंडळी लहान असली तरी रुसतात, म्हणून त्यांना शेवटी येऊ द्या.

तपासा : हिशेब करा. शंभर पाहुणे, प्रत्येकी वीस सेकंद, म्हणजे तेहतीस मिनिटं हात जोडून आणि गुडघे मुडपून. त्यात प्रत्येक काका फोटोसाठी थांबणार. पन्नासच्या वर माणसं असतील तर जोडीनं पाठवा. शंख भरून देणारा एक, ओला शंख परत घेणारा दुसरा. जाताना हातात ठेवायची छोटी भेटवस्तू तिसऱ्याकडे.

यानंतर दोघं थोरांपुढे फुलांचं तबक ठेवून नमस्कार करतात आणि ते मनगटाला दोरा बांधतात. तो निदान तीन दिवस राहू द्या. शेज सजवण्याचा विधी दीर्घ आणि सुखाचा संसार केलेल्या जोडप्याकडून होतो. हॉटेलच्या खोलीत तो करावासा वाटला तर फोटोग्राफरला बाहेर ठेवा, नाहीतर गाळा. कुणी विचारत नाही.

७. दुपारनंतर

भाड्याचे पोशाख, चौरंग, शंख आणि देव्हारा बहुधा त्याच दिवशी परत द्यायचे असतात. मोजून घ्यायला एक माणूस नेमा, कारण शंख हमखास फुलांच्या ढिगात राहतो. विहारातून आलेली भांडी सकाळी भिक्खूंच्याच गाडीनं परत गेली ना, ते पाहा. आठवण म्हणून बुद्धमूर्ती विकत घेऊन भारतात न्यायचा विचार असेल तर थाई ललितकला विभागाची परवानगी आधी काढा, विमानतळावर ते काम होत नाही. मोंखोन जपून ठेवा, तो तुमचाच.

राहिली केळीची आणि उसाची रोपं. मातीसकट ती विमानात नेता येत नाहीत, आणि फेकायची तर नाहीतच. ती रुजली की संसार रुजला असं मानतात. विहारात निमंत्रण द्यायला जाल तेव्हाच विचारून ठेवा, बहुतेक ठिकाणी आवारात जागा काढून देतात. भिक्खूंची परतीची व्हॅन सकाळी आठलाच निघून गेलेली असते, त्यामुळे रोपांसाठी दुपारची वेगळी गाडी सांगावी लागते.